कान टोचायला मामा आला होता

आजच्या शतदिन सोहळ्याचे आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील निर्माते महोदय, दिग्दर्शक इळमारन अण्णा, सर्व कलावंत, तंत्रज्ञ, आणि बाहेर नायकाच्या कटआउटला दुधाने न्हाऊ घालून आत आलेल्या माझ्या तरुण मित्रांनो,

संवादलेखिका म्हणून माझा, एका शाळामास्तरणीचा, सत्कार झाला, त्याबद्दल ऋणी आहे. अशा वेळी दोन गोड शब्द बोलून खाली बसावं, एवढी रीत मलाही कळते. पण अर्ध्या तासापूर्वी याच व्यासपीठावर, ज्यांच्या आयुष्यावर हा चित्रपट बेतला त्या सीनियम्माळ अम्मांना शाल घातली गेली आणि निवेदक म्हणाले, "सूड न विसरणारी आई!" तुम्ही टाळ्या वाजवल्यात. अम्मा खाली माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "टीचरम्मा, यांना कुणी सांगितलंच नाही का?"

नाही सांगितलं, अम्मा. मीच नाही सांगितलं.

उसिलम्पट्टीजवळच्या त्यांच्या गावात मी बारा दिवस राहिले. त्यांच्या हातचं खाल्लं. त्यांनी सांगितलेलं सगळं वहीत उतरवलं. जत्रेत देवीचा पहिला अंगारा कुणाला, यावरून वाद पेटला आणि अम्मांच्या सख्ख्या भावाने, कासिमायनने, त्यांच्या नवऱ्याला कोयत्याने मारलं. इथपर्यंत चित्रपट खरा आहे. पुढे काय झालं?

अम्मांचा मुलगा तवमणी तेव्हा पाळण्यात होता. आपल्याकडे मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय मुलाचे कान टोचत नाहीत. भाऊबंद म्हणाले, "तुझे चुलतभाऊ आहेत ना चार, बसव कुणाच्याही मांडीवर." अम्मा म्हणाल्या, "सख्खा भाऊ असताना उसना मामा कशाला?" कासिमायन तुरुंगातून सुटेपर्यंत त्यांनी मुलाचे कान कोरे ठेवले. नऊ वर्षं! (एकदा त्या आठ म्हणाल्या होत्या, मी कागदपत्रं पाहून नऊ धरते.) बायका तोंडावर म्हणायच्या, "नवऱ्याच्या रक्तापेक्षा माहेर गोड लागतं हिला."

तो सुटला. कुलदैवताच्या देवळात सगळा गाव जमला. आहेराच्या ताटात अम्मांनी कोयता लपवला असेल, म्हणून दोन पोलीसही आले होते. अम्मांनी नऊ वर्षांचं पोर त्याच्या मांडीवर ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "दादा, पोरगं वळवळेल. घट्ट धर."

मित्रांनो, इथे दोन घराण्यांचं वैर संपलं. आणि मी काय लिहिलं? त्याच मांडीवर बसलेल्या मुलाच्या कानात आई कुजबुजते, "कान टोचले, आता ऐकून ठेव. या माणसाचं रक्त तू सांडायचं आहेस." शंभर दिवस या वाक्याला शिट्ट्या पडताहेत. दिग्दर्शक अण्णा तेव्हा म्हणाले होते, "टीचर, माफीला शिट्टी पडत नाही." मी भांडले, असं आज सांगायला मला आवडलं असतं. वहीत तसं नाही. वहीत लिहिलंय, 'मान डोलावली, कॉफी प्यायले, प्रसंग बदलून दिला.'

बदल केला तो केला. मग सुरुवातीला गावाचं नाव घालून 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी कशाला? कुणाचं सत्य? ती पाटी कुणाच्या तोंडावर मारली, याचा आपण विचार केला का?

याच महिन्यात तवमणीचा कासिमायनच्या मुलीशी, पवित्राशी, साखरपुडा ठरला होता. मामाचीच मुलगी, दोघांचं लहानपणापासून मनात होतं. आता चहाच्या टपरीवर तवमणी गेला की पोरं विचारतात, "काय जावईबापू, कोयत्याला धार लावलीत का?" पवित्राची आई म्हणते, "आईने कानात काय सांगितलं होतं ते आपल्याला काय ठाऊक? सिनेमावाल्यांना ठाऊक असेल." ज्या बाईने नऊ वर्षं टोमणे खाल्ले, तिच्या डोळ्यांदेखत तिच्याच भावजयीला आता तिच्यापेक्षा माझं वाक्य खरं वाटतं! अम्मा साखरपुड्याचं विचारायला गेल्या, तर कासिमायन हसत म्हणाला, "अगं, सिनेमात मी मेलोय. मेलेल्या माणसाने मुलगी कशी द्यायची?" हसला, पण दार अर्धंच उघडलं.

सूड घेणं अवघड असतं, असं आपला चित्रपट अडीच तास सांगतो. अहो, गर्दी गोळा झाली की ते कुणालाही जमतं! नऊ वर्षं मुलाचे कान कोरे ठेवायला काय लागतं, ते दाखवायची आपली छाती नव्हती. माझीही नव्हती.

म्हणून निर्माते महोदय, उद्याच्या पहिल्या खेळाआधी ती पाटी निघाली पाहिजे. आणि उद्या सकाळी मी अम्मांबरोबर कासिमायनच्या दारी जाते आहे. गावाच्या चावडीवर उभी राहून सांगणार आहे, की ते वाक्य या आईचं नाही, माझं आहे. पवित्राची आई ऐकेल की नाही, माहीत नाही. गाडी सहाला निघेल. इळमारन अण्णा, पुढची जागा तुमच्यासाठी ठेवली आहे.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना माझा तोल गेला असेल, कुणाचा मान राहिला नसेल, तर ते मोठ्या मनाने पोटात घाला. मी जे लिहिलं, ते मात्र घालू नका.

वणक्कम.