मयताच्या घरचे दळण

मी, गोरक्ष सहादेव गर्जे, वय ४१ वर्षे, धंदा पिठाची गिरणी, राहणार मौजे वाघदरा, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर. आज ता. १४-३-१९७३ रोजी ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

वरील गावी माझी विजेची गिरणी आहे. जवळपास दुसरी चालू नाही. यंदा वीज दुपारनंतर थोडा वेळ येते, कधी येतच नाही. दुष्काळी खडीच्या कामावरून सुटलेल्या बाया आपापली पाटी रांगेत लावून बसतात. रेशनचा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खड्यासारखा कडक. दिवसभर खडी फोडलेल्या हाताने तो जात्यावर निघत नाही. नंबर मी लावतो. एका घराची एक पाटी, मागची पुढे नाही, सरपंचाची असली तरी नाही. पाट्या रात्री ठेवून घेत नाही, कारण उंदरांचा बोभाटा माझ्यावर येतो. त्यामुळे रांग रोज नव्याने लागते. यावरून गावाच्या शिव्या खातो, त्याची मला सवय आहे.

सवलत दोनच घरांना. एक बाळंतिणीचे आणि दुसरे मयताचे. मयताच्या घरी चूल पेटत नाही, भावकीतली बाई भाकरी करून नेते, म्हणून तिचे दळण आधी घालायचे. ही चाल माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची आहे.

जखमी लंकाबाई ही पुंजाराम याची सून. नवरा ऊसतोडीला गेला आहे. घरी ती, म्हातारा पुंजाराम आणि दोन वर्षांचा मुलगा. मुलाला हगवण लागली असून मिलोच्या घुगऱ्या त्याला पचत नाहीत. पिठाची पेज मिळाली नाही तर पोर हाती लागत नाही, असे ती परवा रांगेत सर्वांसमक्ष म्हणाली होती. पोराला सांभाळून येईपर्यंत तिची पाटी शेवटी लागते. परवा तिचा नंबर येण्याआधी वीज गेली, त्याच्या आदल्या दिवशीही गेली. मी "उद्या या" म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

काल वीज आली आणि मी पट्टा चढवला, तेवढ्यात लंकाबाई डोक्यावरचा पदर सोडून रडत आली. म्हणाली, "मामंजी गेले, गोरखभाऊ. भावकीतलं कुनीच न्हाई गावात, समदी ऊस तोडाया गेल्यात. भाकरी कुनी करायची?" मयताच्या घरची बाई स्वतः गिरणीवर आलेली मी कधी पाहिली नाही, हे मनात खटकले. परंतु भावकी ऊसतोडीला आहे हे खरे आहे.

पहिला नंबर छबूबाई हिचा होता. मी सांगण्यापूर्वीच तिने आपली पाटी बाजूला ओढली आणि म्हणाली, "घाला तिचं आदी. माझी पोरं उद्या खातील." मग सगळ्या बाया पाट्या तिथेच ठेवून पुंजारामच्या घराकडे रडायला गेल्या. लंकाबाई त्यांना "थांबा, मी येते" असे दोनदा म्हणाली. त्या थांबल्या नाहीत. तिचे दळण उतरले आणि वीज गेली.

पुढचे छबूबाईने सांगितले त्यावरून सांगतो. बायांनी वळणावरच गळा काढला. पुंजाराम ओट्यावर पोराला मांडीवर घेऊन बसला होता. तो उठून आत गेला नाही. त्याने डोक्याचे मुंडासे उतरवून बाजूला ठेवले आणि त्यांना रडू दिले. बाया समोर येऊन गप्प झाल्यावर म्हणाला, "झालं का रडून? आता दळू द्या पोरीला."

छबूबाई पळत परत आली. लंकाबाई पाटी पोटाशी धरून दारातून निघत होती. छबूबाईने पाटीला हात घातला. "माझ्या पोरांच्या तोंडचं काढून दिलं गं तुला," एवढेच ती म्हणाली. लंकाबाई पाटी सोडीना. ओढाताणीत ती वजनाच्या लोखंडी काट्यावर पडली, डाव्या भुवईवर खोक पडली आणि पीठ उंबऱ्यात सांडले. छबूबाईने माप फेकून मारले, अशी खबर कोणी दिली असेल तर ती खोटी आहे. मी हातभर अंतरावर होतो.

इतक्यात पुंजाराम पोराला खांद्यावर घेऊन आला. म्हणाला, "तिला का धरता? मीच सांगितलं. म्हनलं, माझं नाव घे, मी आज ना उद्या जायचाच हाय." मग छबूबाईच खाली बसून वरचे वरचे पीठ गोळा करू लागली. लंकाबाईने त्यातले अर्धे तिला दिले.

मला राग आला होता, अजून आहे. खोट्या मयताला नंबर दिला तर उद्या खऱ्याला कोण देईल? हे मी पुंजारामला तोंडावर बोललो. तो "बरोबर हाय" म्हणाला.

मुलाने रात्री पेज घेतली व झोपला. आज सकाळी ठाण्यावर येण्यापूर्वी मी त्यांच्या घरी गेलो. छबूबाई त्याच पिठाची भाकरी घेऊन ओट्यापाशी उभी होती. पुंजाराम घेत नव्हता. म्हणाला, "माझ्यासाठी रडून झालंय तुमचं. मेल्याला भाकरी लागत न्हाई. माझा वाटा पोराला." तो थट्टा करीत नव्हता. लंकाबाई म्हणाली की तो बरेच दिवस आपले ताट पोराकडे सरकवत होता, पण थोडे तरी खात होता. कालपासून त्याने अन्न तोंडात घातलेले नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. लंकाबाई व छबूबाई यांचीही नाही. फौजदार साहेबांनी गावात येऊन पुंजारामला जेवायला सांगावे. गावाचे तो ऐकत नाही, सरकारचे कदाचित ऐकेल.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. जेवणाबद्दलची विनंती जबाबात बसत नाही असे ते म्हणाले. ती खोडली तर मी सही करणार नाही असे सांगितल्यावरून तशीच ठेवली आहे.

सही
गोरक्ष सहादेव गर्जे