ज्या धोक्याचं नाव पॉलिसीत नाही

मी मूळची सेनगावची, हिंगोली जिल्ह्यातलं सेनगाव, तुम्ही नाव ऐकलं नसेल तर नसू द्या, लई लोकांनी ऐकलेलं नसतं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची आणि बाप मोंढ्यात धान्याची पोती शिवायचा, दाभण आणि सुतळी, दिवसभर तेच. मी त्याच शाळेत शिकले, पोरांच्या रांगेत बसून आईच्या हातची खिचडी खाल्ली, आणि आई मला जास्त वाढायची नाही, उलट एक पळी कमीच, लोक बोलतील म्हणून. पुढं एसटीनं हिंगोलीला कॉलेज केलं. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. विमा कंपनीच्या परीक्षेचा फॉर्म आमच्या गुरुजींनी स्वतः भरून आणला होता, माझी सही तेवढी बाकी ठेवली होती. ते आता नाहीत, पण त्यांचं नाव काढल्याशिवाय माझी गोष्ट पुढं सरकत नाही.

नोकरी लागली, लग्न झालं, मग प्रमोशन घेतलं आणि त्याच्याबरोबर बदली आली ती थेट जयपूरची. आमचे हे गणिताचे शिक्षक, त्यांनी इथं वैशाली नगरात खासगी शाळा धरली. मी क्लेम विभागात. कोणाचं दुकान जळालेलं, कोणाच्या गोदामात पाणी शिरलेलं, त्यांच्या फाइली बघायच्या, कागद पुरे आहेत का, नुकसान पॉलिसीत बसतं का. काम मला आवडतं, का विचाराल तर कागद खरे असले की माणसाला न्याय देता येतो, एवढं सोपं आहे ते.

आणि रविवारी मी मराठी मंडळाच्या लेकरांना मराठी शिकवते. इथं वाढलेली लेकरं, घरात मराठी, बाहेर सगळी हिंदी. एक जण धावत आला आणि म्हणाला, मॅडम, मतलब, मी सीढीवरून गिरलो. मी म्हटलं, अरे आधी उठ, मग मराठी बघू. वर्ग भरतो राजा पार्कला, देवधरकाकूंच्या हॉलमध्ये. काकांच्या बँकेच्या बदलीमुळं काकू इथं आल्या आणि इथल्याच झाल्या, काका गेले तरी इथंच. मराठी अगदी पुण्याचं, पण भाजीवाल्याशी भांडताना पक्क्या जयपूरच्या. मंडळाच्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत.

आता काय सांगू तुम्हाला, सांगायचं तर सरळच सांगते. एक एजंट होता, आगीच्या क्लेमची फाइल घेऊन आला, मालाची बिलं खोटी. मी फाइल परत केली आणि शेरा लेखी दिला. तो म्हणाला, मॅडम, बाहर से आई हो, मिल-जुलके रहो. मी म्हटलं, मिळूनच राहते, बिलं तेवढी खरी आणा. विषय संपला असं मला वाटलं. मग संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. आमच्या आमंत्रणावर मंडळाच्या ग्रुपची लिंक छापलेली असते, बदली होऊन नवं कोणी मराठी कुटुंब आलं तर त्यानं थेट आत यावं म्हणून. हा आमचा भोळेपणा. काळ्या साडीतला माझा फोटो ग्रुपवर होता, हातात तिळगुळाची वाटी. आठ-दहा दिवसांनी, ऑफिसात असताना, त्याच ग्रुपवर एका अनोळखी नंबरावरून व्हिडिओ आला. चेहरा माझा, हसू माझं, साडी माझी, आणि मग साडी नाही. अंग माझं नाही हो. ते कोणाचं होतं की कोणाचंच नव्हतं, ते मशीनला माहीत. पण बघणारा चेहऱ्याकडंच बघतो ना.

मी खुर्चीवरून उठलेच नाही किती वेळ. आणि इकडं काकूंनी काय केलं, त्यांनी एकेका बाईला फोन लावला, साठेक घरं असतील, आणि सगळ्यांना एकच सांगितलं, आत्ताच्या आत्ता डिलीट करा, नवऱ्याच्या फोनमधलंही करा, आणि पोरीपुढं, म्हणजे माझ्यापुढं, विषय काढायचा नाही. ग्रुप चालवणारीनं तो नंबर काढून टाकला आणि आपल्या फोनमधली सगळी चॅटही पुसली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच आपल्याला शिकवलेलं. त्यात माया होती बघा, एकीच्याही मनात वाईट नव्हतं. संध्याकाळी मला तीन घरांतून डबे आले. आणि मी तर सगळ्यांत आधी, पहिल्या मिनिटाला पुसून टाकलं होतं. मी, क्लेम विभागातली अधिकारी. जळालेल्या दुकानाची राख झाडू नका, सर्व्हेअर येऊ द्या, असं लोकांना रोज सांगणारी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सायबर ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकारी मॅडम चांगल्या होत्या, म्हणाल्या, दिखाइए. दाखवायला काय होतं? नंबर नाही, व्हिडिओ नाही, काही नाही. बाजूचा हवालदार म्हणाला, मॅडमजी, बॉडी तो आपकी है नहीं, फिर बदनामी कैसी. मी म्हटलं, भैया, तुमचा चेहरा लावून तुम्ही लाच घेताय असा व्हिडिओ कोणी केला, तर हात माझे नव्हते म्हणून गप्प बसाल का? मॅडम हसल्या, तो चहा आणायला गेला. मग मॅडमनी समजावलं की पसरवणाऱ्यासाठी कलमं आहेत, ती लावता येतात, पण नुसतं बनवणारा, आणि असलं बनवून देणारं ॲप चालवणारा, त्याच्यासाठी जुळवाजुळव करावी लागते, आणि वकील नेमका तिथंच फाटे फोडतो.

त्या रविवारी वर्गाला एकही लेकरू आलं नाही. कोणाला सर्दी, कोणाकडं पाहुणे. आमच्या ह्यांनी बदलीचा अर्ज लिहून टेबलावर ठेवला, म्हणाले, सही कर, आपण नांदेडला जाऊ, इथं आपलं कोण आहे. मी म्हटलं, व्हिडिओ काय जयपूरच्या हद्दीत थांबणार आहे? ते म्हणाले, मग लढणार कशाच्या जिवावर, पुरावा नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं. अर्ज चार दिवस तसाच होता, आणि मी रोज त्याच्यापुढं पेन घेऊन बसत होते.

पाचव्या दिवशी काकूंकडं गेले, वर्ग बंद करते सांगायला. रडले त्यांच्यापुढं, म्हटलं, काकू, तुम्ही सगळ्यांनी पुसलं नसतं तर. काकूंनी मला जवळ बसवलं. मग हळूच म्हणाल्या, वर्षा, मी सगळ्यांना सांगितलं खरं, पण मला स्वतःला ते डिलीट करता येत नाही गं. माझ्याकडं आहे अजून.

आता त्यांचं बघा, वय बहात्तर, ठाण्याची पायरी कधी चढलेल्या नाहीत, मंडळाचं नाव जिवापाड जपलेलं. जबाबात लिहून द्यायचं की मी हे बघितलं, या नंबरावरून आलं, त्या वेळी आलं. मी विचारलंच नाही त्यांना. त्याच म्हणाल्या, रिक्षा बोलाव, आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, डोळे पूस, नाहीतर त्या हवालदाराला वाटेल आपलंच काही चुकलं. जबाब दिला, खाली सही केली, पूर्ण नाव, वळणदार. फोन पोलिसांनी ठेवून घेतला. नातवाशी बोलायला त्या आता माझ्या घरी येतात. सिम कोणाचं निघालं ते मी सांगत नाही, प्रकरण चालू आहे, पण मला नवल वाटलं नाही. बदलीचा अर्ज मी फाडला नाही, ह्यांना परत दिला, म्हटलं, मागच्या कोऱ्या बाजूला गणितं सोडवा.

नवा कायदा हवा का, असं तुम्ही मघाशी विचारलं. आमचे हे म्हणतात, कायदे काय कमी आहेत, आहेत ते पाळा की. मी माझ्या धंद्यातलं सांगते. पॉलिसीत पूर लिहिलेला असतो, आणि दुकानात पाणी शिरतं ते फुटलेल्या पाइपाचं. कंपनी म्हणते, हा पूर नव्हे. पाणी तेवढंच, माल तेवढाच भिजलेला, पण ज्या धोक्याचं नाव कागदावर नाही त्याच्यासाठी माणूस वर्षभर हेलपाटे घालतो. तेच नाव एकदा लिहून आलं की क्लेम आठवड्यात बसतो. म्हणून म्हणते, नाव लिहा. कोणाच्या संमतीवाचून असलं बनवणं हाच गुन्हा, पसरवलं नाही तरी, अंग कोणाचं का असेना. बनवून देणाऱ्या ॲपवाल्यालाही धरा. नेत्याची टिंगल केली म्हणून पोरांना पकडणारा कायदा मला नको, तेवढी हद्द नीट आखा, आखता येते, आम्ही रोज आखतो. पण कायदा आला तरी कागद आपणच जपायचा आहे, साठ घरांनी राख झाडून टाकली तर चांगल्यातली चांगली पॉलिसी काय करील?

व्हिडिओ कोणाच्या तरी फोनमध्ये अजून असेल. ते मी धरून चालले आहे. तारीख लागेल तेव्हा जाईन, ऑफिसात रजेचा अर्ज देताना कारण खरं लिहीन. वर्गाला सात लेकरं येतात, दोन घरांनी अजून पाठवलेली नाहीत, त्यांच्यावरही माझा राग नाही, देव त्यांची लेकरं सुखी ठेवो. आईला फोनवर सगळं सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, जेवतीस ना नीट?

मागच्या रविवारी वर्ग चालू असताना शहराबाहेरच्या कानोत्याकडची एक बाई दारात आली, राजस्थानी, ओळख ना पाळख, बरोबर कॉलेजातली मुलगी, मान खाली. आमच्या मंडळातल्या कोणीतरी तिला पाठवलं होतं. बाईच्या हातात रुमालात गुंडाळलेला फोन होता. म्हणाली, दीदी, हमने कुछ मिटाया नहीं. मी मुलीला बसवलं, पाणी दिलं, आणि काकूंना म्हटलं, काकू, आजचा वर्ग तुम्ही घ्या, मी या दोघींना घेऊन जरा ठाण्यात जाऊन येते.