बा माझ्या घरी ऱ्हायला ती दोन वर्सं

माझं माहेर घाटनांदुराच्या अंगाचं, सासर परळीच्या अलीकडं, बैलगाडीनं निम्मा दिस. आताच्या निजामाचा बाप गादीवर होता तवाची गोष्ट सांगते, सन-बिन मला कळत न्हाई. मी एकली एक लेक, पाठीवर भाऊ न्हाई का बहीन न्हाई. आई वारली आन् दोन वर्सात बाचे दोनी डोळे गेले. तरी हात शाने होते त्याचे, अंबाडीचा दोर असा वळायचा की डोळसाला जमू नये.

त्याला आनायला मालकच गेलते. मी आना म्हनले न्हवते, खोटं कावून बोलू. बा येत न्हवता, लेकीच्या घरचं पानी पिऊ नये असं त्याचं जुनं वळन. मालकांनी त्याला उचलूनच गाडीत बसवलं, म्हनले मामा, मला लेकच समजा. असा मानूस होता तो.

आमचं घर मोठं. सासू, मालक, धाकला दीर, जाऊ, माझी दोन लेकरं, जावंची दोन. थोरली सून म्हनून चूल माझ्याकडं, सासूचं अंग दुखलं तर चोळायचं माझ्याकडं, जावंची बाळतपनं माझ्याकडं. त्यात बा आला. आल्यावर चार दिसांनी जाऊ हिरीवर हसत हसत म्हनली, आक्का, मंग आमच्या बी बापाला बोलवू का? तेवढंच. एकदाच. पुन्ना ती कधी काही बोलली न्हाई. पन ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच.

काय सांगू तुमाला, तवापसून मी बावर नजर ठिवायला लागले. घरातलं कोनी त्याला काही म्हनायच्या आदी मीच म्हनायचे. त्याला सगळ्यांच्या मागून वाढायचे, सासूला दिसंल असं वाढायचे. त्यानं खोकललं तरी मी आतून वरडायचे, जरा हळू की, लेकरं निजलीत. मला वाटायचं मी बोलले म्हंजी दुसरं कोनी बोलनार न्हाई, बाची इज्जत ऱ्हाईल. असं उलटं डोकं चालायचं माझं. आन् मंग गोठ्यात जाऊन रडायचे. बाला काही सांगायचे न्हाई. सांगायला सवड तरी कुठं होती, आन् सवड असती तरी काय सांगितलं असतं?

एकदा जावंचा भाऊ तिला न्यायला आलता. पुरनाचं केलतं. पंगतीत बा शेवटाला बसलेला, त्यानं हळूच इच्यारलं, सोने, जरा दूध हाय का गं, घास घशात अडकायलाय. पाव्हना समोर, दीर समोर. मी म्हनले, हितं काय तुझी म्हस बांधलीय का? सासूचा हात ताटातच ऱ्हायला. बा म्हनला, चुकलं माझं बाई, आन् कोरडाच घास गिळला. मालकांनी उठून सोता दूध आनून वतलं, माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

आठ दिसांनी मालक परळीला कापूस घेऊन निघाले, तर बा म्हनला मला बी घ्या, वैजनाथाच्या पाया पडून येतो. संध्याकाळी गाडी आली ती रिकामी. मालक म्हनले, म्हातारा धर्मशाळंत ऱ्हायलाय, लई इनवन्या केल्या, ऐकत न्हाई. मी म्हनले उद्याच जाते. दुसऱ्या दिशी धाकल्या पोराला गोवर आला. तो उतरला तर सासू तापानं पडली. मंग जवारीची काढनी. दीड महिना गेला बघा, सख्ख्या बापाला भेटायला दीड महिना.

गेले तर देवळाच्या पायरीशी बसून दोर वळत होता. बांगड्यांच्या आवाजावरनं वळखलं. मी पाय धरले, म्हनले बा, घरी चल. तो म्हनला, न्हाई गं सोने. तिथं तुझी वढातान मला डोळे नसून दिसायची. हितं दोन भाकरी मिळत्यात, बोलायला मानसं हायत. आन् तू आलीस की माझ्यासंगं गोड बोलतीस, तिथं तुला ते जमत न्हवतं. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला आन् म्हनला, जा, लेकरं वाट बघत असतील. मी बी गेले.

तीनदा भेटले त्याला. आखाडात वारला. खबर आली तवर धर्मशाळंतल्या लोकांनी सगळं करून टाकलं होतं.

मी चुलीपुढं रडत बसले तवा सासू जवळ आली. म्हनली, मंग घालवलंस कावून गं त्याला? मी म्हनले, आत्या, तुमी काय म्हनाल म्हनून. सासू म्हनली, मी? दोन वर्सात मी एक सबूद तरी बोलले का? मला वाटायचं बापलेकीचं जुनं काही वाकडं असंल, म्हनून मधी पडले न्हाई. दुपारच्याला त्याच्यासंगं चार गोष्टी बोलायचे, बरं वाटायचं मला.



आता सासू न्हाई, मालक बी न्हाईत. पोरगा हैद्राबादला शिपाई हाय, वरसातनं एकदा येतो. पुतन्याची बायको भाकर देती, गुडघे गेलेत, बसून असते. लेक जोगाईच्या आंब्याला दिलीय. ती गाडी घेऊन येती, आई चल म्हनती माझ्याकडं. मी जात न्हाई. तिची सासू गरीब हाय, मला एक सबूद बोलायची न्हाई. पन लेक माझ्यावानीच निघाली, कोन काय म्हनंल याची लई फिकीर तिला. ती माझ्यावर खेकसंल आन् मी मेल्यावर चुलीपुढं रडत बसंल. ते तिच्या वाट्याला नको. पन हे तिला कसं सांगू? परवा रुसून गेली, गाडी वळंपर्यंत मागं बघितलं न्हाई तिनं. असू द्या. माझी लेक हाय, तिथं तिनं सुखानं नांदावं.