चा बाद

शैला : रिपोर्ट वाचलास ना? नऊ पूर्णांक आठ. गेल्या वेळी आठ होतं. गोळी वाढवली तसा आकडाही वाढला. आणि आज डॉक्टरांनी शंभरची लिहून दिली. मी नाही घेणार.

नूपुर : आई, ते उलटं असतं. टीएसएच म्हणजे मेंदूतून थायरॉइडला मारलेली हाक. ती ग्रंथी ऐकत नाही, म्हणून हाक मोठी होते. आकडा वाढला म्हणजे औषध कमी पडतंय.

शैला : पन्नासवरही कमी, पंचाहत्तरवरही कमी? डॉक्टरांचं तोंड बघितलंस ना आज? 'रोज लेती हैं न?' म्हणे. गोळ्या पलंगाखाली टाकायला मी काय लहान मूल आहे?

नूपुर : सगळ्यांनाच विचारतात ते.

शैला : तुझे बाबाही तसलेच. सात खणांची डबी आणून दिली मला. गार्डन रीचच्या ऑफिसातून घरी आले की बूट काढायच्या आधी खण मोजतात. आठ महिन्यांत एक दिवस चुकले नाही गं मी. तरी केस गळतायत, भर मे महिन्यात गार वाटतं, जिन्यात दोनदा थांबावं लागतं. हे बंगाल्यांचं गावच मला मानवत नाही. शुक्रवारी मनोहरमामाकडे नागपूरला निघाले की परत यायची नाही, सांगून ठेवते.

नूपुर : आणि आम्ही?

शैला : तुमचं चालेल दोघांचं. मला दुपारची एकटीला रडू येतं इथे. काही झालेलं नसतं, तरी येतं.

नूपुर : हे तू डॉक्टरांना का नाही सांगितलंस?

शैला : हिंदीत कसं सांगायचं ते?

नूपुर : बरं, मला सांग. गोळी कधी खातेस तू?

शैला : गोळी खात नाहीत, घेतात. सहा वर्षांत तुझं मराठी पार बंगाली झालंय. सकाळी घेते, चहा झाला की. चहा, दोन बिस्किटं, मग ही गोळी आणि कॅल्शियमची. एकाच घोटात.

नूपुर : चहा झाल्यावर? आई, ती रिकाम्या पोटी असते!

शैला : मग रिकामंच असतं की. दोन बिस्किटांनी काय पोट भरतं?

नूपुर : पण चहानंतर घ्यायची, हे सांगितलं कुणी तुला?

शैला : कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने. पहिल्याच दिवशी. मी मुद्दाम दोनदा विचारलं. 'चा बाद, चा बाद' म्हणाला. हातानेही दाखवलं.

नूपुर : हाताने कसं दाखवलं?

शैला : हे असं. बाजूला सारल्यासारखं.

नूपुर : अगं आई! बंगालीत बाद म्हणजे नंतर नाही. बाद म्हणजे वगळायचं. मी रोलवाल्याला 'पेंयाज बाद' म्हणते ना? कांदा नको म्हणून.

शैला : मला वाटायचं, तू कांदा नंतर घालायला सांगतेस.

नूपुर : तो म्हणत होता, चहा घेऊ नका गोळीसोबत.

शैला : आठ महिने. अगदी घड्याळ लावून चुकत होते मी.

नूपुर : थांब, डॉक्टरांच्या चेंबरला फोन करते.

(नूपुर आत जाऊन बंगालीत बराच वेळ बोलते. ती बाहेर येते तेव्हा उदय ऑफिसमधून आलेले असतात.)

उदय : ही घे, शंभरची. दोन दुकानं फिरलो.

नूपुर : ती परत करा बाबा. डॉक्टर म्हणाले, डोस वाढवायचा नाही. पंचाहत्तरचीच, पण उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर. पुढे पाऊण तास काही खायचं-प्यायचं नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. सहा आठवड्यांनी परत रक्त तपासायचं, मग ठरवू म्हणाले. आणि रडू येतं तेही मी सांगितलं, आई. थायरॉइडमुळेही तसं होतं म्हणाले.

उदय : मग इतके दिवस काय होत होतं?

शैला : गोळी चहानंतर घेत होते. औषधवाला बाद म्हणाला, मी हिंदीतलं समजले. पण घेत होते हो मी. रोज घेत होते.

उदय : मी उगाच खण मोजत बसलो. चुकलं माझं.

शैला : समोर बंगाली माणूस दिसला की मी हिंदीच ऐकते. आपल्यातही बाद म्हणजे बादच की. फलंदाज बाद झाला तर तो काय नंतर येतो?

उदय : उद्यापासून सकाळचा चहा माझ्याकडे. पाऊण तास झाल्याशिवाय आधण ठेवणार नाही.

शैला : साखर कमी घाला. सहा आठवडे बघते.

उदय : आणि शुक्रवारचं तिकीट?

शैला : बाद.

उदय : हे हिंदीतलं की बंगालीतलं?

शैला : मराठीतलं.