हरतालिकेची नोंद

म्हणजे अजिबातच पुसता येत नाही? — अगं मनवा, तू संगमनेरच्या कॉलेजातून येऊन हा व्रतांचा सामायिक ज्ञानसाठा आम्हा केडगावच्या बायकांकडून बांधून घेतलास, आणि तुलाही नाही येत? — हो हो, ब्लॉकचेन, ठाऊक आहे, एक नोंद दुसरीत गुंफलेली, प्रत सगळ्यांच्या मोबाईलवर, पाचजणींनी मान्य केलं की पक्कं — मीच आमच्या पाचजणींतल्या केशरबाईंना कौतुकानं सांगत होते, आता मागाहून कुणी शब्द फिरवायला नको. आणि आता मीच फिरवायला बसलेय.

उद्या हरतालिका. माझी दिशा देवळालीला सासरी, सातवा महिना — तिच्या सासूबाईंनी मोबाईल उघडून तिला वाचून दाखवलं, गर्भारणीनंही पाणी घेऊ नये. खाली पाच नावं, पाचवं माझं. म्हणाल्या, ‘तुझ्या आईनंच मान्य केलंय, मी कोण मोडणारी?’ वाईट नाहीत गं त्या, लेकीसारखं वागवतात. डॉक्टरांनी मात्र बजावलंय, पाणी कमी पडू द्यायचं नाही. दिशा फोनवर नुसती हसली.

ती नोंद झाली तो सोमवार होता ना, माझं मौन — बोलता येईना, म्हणून बोट तेवढं दाबलं — यांनाही मी हेच सांगितलं. पण मौनात नाही म्हणून मान हलवता येतेच की. नाही हलवली. का नाही — अगं, मला ते खरंच वाटायचं. दिशाच्या आधी एक होतं. आठवा महिना, हरतालिकेला चक्कर आली, मी चोरून तांब्याभर पाणी प्याले, आणि पंधरा दिवसांनी ते — डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पाण्याचा काही संबंध नाही. तीस वर्षं मी त्यांचं ऐकलंच नाही. यांना माहीत नाही हे, तुला कशी बोलून गेले.

नवी नोंद जोडता येते म्हणतेस, पण जुनी राहणार, माझ्या नावासकट. आणि कारण लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही — म्हणजे सगळ्याजणी वाचणार. बरं. नको, दे इकडे, मीच लिहिते. ‘मी पाणी प्याले होते. बाळ त्यानं गेलं नाही. गर्भारणीनं पाणी प्यावं, पार्वतीमाईला राग येत नाही.’

आता चौघींचं मान्य कधी येईल ते येवो, केशरबाई तर आधी पोथी उघडतील — तोवर उद्या उजाडेल. विहीणबाईंना फोनच लावते. तू जा आता, मनवा. आणि जाताना दार ओढून घे.