सहा ग्लास पाणी

सोनोग्राफीसाठी थांबलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

"तपासणी माझी. सहा ग्लास पाणी तुम्ही कशाला ढोसलंत?"

"तुझ्या एकटीच्या घशाखाली उतरत नव्हतं ना!"

"मग आता जाऊन या की. पाय किती हलवताय!"

"तुला जाता येतंय का? मग मीही बसतो."

"आणि मागच्या वेळची गाठ वाढलेली निघाली तर?"

"तर परत येऊ. परत सहा ग्लास पिऊ."

"तुम्ही नका पिऊ हो."

नर्सने हाक मारली. आजी सावकाश आत गेल्या आणि दार लागलं.

"आजोबा, आता तरी जाऊन या," शिक्षिका म्हणाली.

"ती बाहेर येऊ दे, बाई. मग दोघंही जाऊ."