कबरीची बीअर

बोर्गिल्ड : तो हंडा उतरव, हाल्वर. शुक्रवारी गुडलॉगला, माझ्या बहिणीला, माती द्यायची, आणि तू बीअर कसली उकळतोयस?

हाल्वर : उकळून झाली. कोमट व्हायची वाट बघतोय.

बोर्गिल्ड : प्रार्थनाघरात सांगून आलेय मी. कॉफी, पाव, बदामाचा केक. तिथं बीअरचा थेंब चालत नाही.

हाल्वर : मग तिथं नको. माझ्या अंगणात बसू.

बोर्गिल्ड : लोक काय म्हणतील?

हाल्वर : म्हणतील, हाल्वरकडे ग्राव-ओल आहे. 'ग्राव' म्हणजे कबर, 'ओल' म्हणजे बीअर. मातीनंतरच्या जेवणाला दुसरं नाव ठाऊक आहे तुला?

बोर्गिल्ड : नावाचं काय घेऊन बसलास! आता नुसत्या कॉफीलाही तेच म्हणतात.

हाल्वर : आणि घरात बाळ आलं की काय म्हणतात?

बोर्गिल्ड : बार्सेल. त्याचं काय?

हाल्वर : ते आधी 'बार्न्स-ओल' होतं. बाळाची बीअर. घासून घासून त्यातली बीअर गेली, कोणाला पत्ताही नाही. गुडलॉगनंच सांगितलं मला. ह्या शब्दातली मी जाऊ देणार नाही. निदान तिच्या वेळेला तरी नाही.

बोर्गिल्ड : डोकं फिरलंय तुझं. सिन्नेवा, तू तरी सांग बापाला.

सिन्नेवा : मावशी, बीअर आंबवायचं विरजण आईनंच ठेवलंय. हे बघ, गवत वळून केलेल्या ह्या कड्यावर वाळवलेलं. गेल्या हिवाळ्याआधी म्हणाली, हे माझ्या वेळचं, कोणी हात लावू नका.

बोर्गिल्ड : मला नाही बोलली.

हाल्वर : तू लगेच कॉफी घेऊन आली असतीस.

सिन्नेवा : बाबा, कोमट झालं. टाकते मी. ओरडा आता.

बोर्गिल्ड : मयताच्या घरात ओरडायचं?

हाल्वर : विरजण टाकताना ओरडलं नाही तर बीअर मुळमुळीत होते. तुमच्याच आईची रीत.

सिन्नेवा : दरवेळी आईच ओरडायची.

हाल्वर : टाक तू.

(हाल्वर ओरडतो. आवाज मध्येच फाटतो.)

बोर्गिल्ड : हे काय ओरडणं झालं? गुडलॉग ओरडली की समोरच्या डोंगरावरच्या शेळ्या माना वर करायच्या.

हाल्वर : माहीत आहे मला.

बोर्गिल्ड : मी कॉफीच पिणार, सांगून ठेवते.

हाल्वर : पी.

बोर्गिल्ड : सरक जरा. दोघं मिळून ओरडू.